दूरसंदेशाचे जागतिक नियम कोण ठरवितो?

आपल्या शाळेंतील एकादा विद्यार्थी पुण्यास राहतो आणि त्याचा वडील भाऊ नोकरीनिमित्त मस्कतास असतो, अशी कल्पना करा. रात्रीं जेवणें झाल्यावर हा धाकटा भाऊ मोबाईल हातीं घेऊन कांहीं आंकडे दाबतो, आणि दुसऱ्याच क्षणीं समुद्रापलीकडून 'बोल बाळ, आई कशी आहे?' हे शब्द त्याच्या कानीं पडतात. या दोघांचीं यंत्रें निरनिराळ्या कारखान्यांत झालेलीं. दोघांच्या कंपन्या निराळ्या, दोघांचीं सरकारें निराळीं. तथापि एकाचें बोलणें दुसऱ्यास बिनचूक ऐकूं येतें. ही गोष्ट मुलांच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यांत कांहीं नवल आहे असें त्यांस वाटतच नाहीं. ज्या पालकांनीं पूर्वीं ट्रंककॉल लावून तास तास वाट पाहिली आहे, त्यांस मात्र तें नवल अजून वाटत असेल.

तारायंत्र मोर्सनें केलें, दूरध्वनि बेलनें केला, बिनतारी संदेश मार्कोनीनें समुद्रापार नेला, हें आपण शाळेंत शिकतों. परंतु एका देशाच्या यंत्रानें दुसऱ्या देशाच्या यंत्राशीं कोणत्या रीतीनें बोलावें, हें कोणी ठरविलें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. यंत्र एकट्यानें करतां येतें. संभाषण एकट्यास करतां येत नाहीं. त्यास दोन पक्षांचें आधीं कांहीं ठरलेलें असावें लागतें. हें ठरविण्याचें काम जगानें कसें केलें, त्यांत तें कोठें चुकलें, आणि त्या चुकीची किंमत कोणीं दिली, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

सीमेवरील टेबल

अमेरिकेंत वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही मोर्सची तार १८४४ सालीं सुरू झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत युरोपांतील बहुतेक राज्यांनीं आपापल्या तारा उभारल्या. पण एका राज्याचीं यंत्रें दुसऱ्यासारखीं नव्हतीं. खुणांची लिपि निराळी, दर निराळे, नाणें निराळें. त्यामुळें संदेश राज्याच्या सीमेपर्यंत विजेच्या वेगानें धांवे आणि तेथें येऊन माणसाच्या हातानें पुढें सरके. फ्रान्स व बाडेन या राज्यांच्या सीमेवर स्ट्रासबुर्ग येथें दोघांचें सामाईक तारघर होतें. तेथें फ्रान्सचा कारकून पॅरिसहून आलेला संदेश कागदावर उतरून घेई व टेबलापलीकडे बसलेल्या बाडेनच्या कारकुनाच्या हातीं देई. हा दुसरा कारकून त्याचें जर्मन भाषेंत भाषांतर करी आणि मग आपल्या तारेवरून तो पुढें पाठवी. शेंकडों मैलांच्या तारेपेक्षां हें हातभर लांबीचें टेबल ओलांडण्यासच अधिक वेळ लागत असे.

महाराष्ट्रांतील वडील मंडळींस हा प्रकार मनमाडच्या उदाहरणानें सहज कळेल. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जवळजवळ अखेरपर्यंत मनमाड येथें मुंबईकडील रुंद रुळांची वाट आणि औरंगाबादकडील मीटर रुळांची वाट एकमेकींस मिळत. पण एका वाटेची गाडी दुसरीवर चालत नसे. धान्याचें पोतें एका गाडींतून उतरवून दुसरींत भरावें लागे. दोन्ही वाटा चांगल्या होत्या. पण त्या बांधणाऱ्यांनीं आधीं एकमेकांस विचारलें नव्हतें.

ही अडचण दूर करण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. १८४९ सालीं प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं आपसांत करार केला. १८५० सालीं कांहीं जर्मन राज्यें त्यांस मिळाली. १८५५ सालीं फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, स्पेन व सार्डिनिया यांनीं आपला निराळा संघ केला. परंतु आतां पूर्वींच्या अनेक भिंतींच्या जागीं दोन मोठ्या भिंती उभ्या राहिल्या, एवढाच त्याचा परिणाम झाला. सर्वांनीं एकत्र बसल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

पॅरिसचा करार

१८६५ च्या मार्च महिन्यांत फ्रान्सच्या सरकारनें युरोपांतील राज्यांचे प्रतिनिधि पॅरिस येथें बोलाविले. अडीच महिने वाटाघाटी चालल्या आणि १७ मे १८६५ रोजीं वीस राज्यांनीं एका करारावर सह्या केल्या. आंतरराष्ट्रीय तार संघाचा जन्म या दिवशीं झाला. म्हणूनच १७ मे हा दिवस आजही जागतिक दूरसंचार दिन म्हणून पाळला जातो.

या करारांतील मुख्य गोष्टी चार होत्या. पहिली, देशोदेशींच्या तारांवर मोर्सचें यंत्र व मोर्सची लिपि चालावी. ही लिपि मोर्सनें अमेरिकेंत केलेली मूळ लिपि नव्हे, तर युरोपांत सुधारलेली लिपि होती. अमेरिकेंतील तारघरें पुढें पुष्कळ वर्षें आपलीच जुनी लिपि चालवीत राहिलीं. दुसरी, सर्व हिशेब फ्रँक या एका नाण्यांत व्हावा. तिसरी, राजापासून रंकापर्यंत कोणासही परदेशीं तार पाठविण्याचा हक्क असावा. चौथी, संदेशाची गुप्तता राखली जावी. यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी यंत्राच्या व पैशाच्या आहेत. शेवटच्या दोन माणसाच्या आहेत. ज्यांनीं तारेचे नियम केले, त्यांनीं तारेच्या दोन्ही टोकांस माणसें असतात ही गोष्ट नजरेआड होऊं दिली नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें.

या कराराच्या मागें सैन्य नव्हतें. तो मोडणारास शिक्षा करील असें न्यायालय नव्हतें. इतकेंच नव्हे, तर करारावर सह्या करणारे प्रशिया व ऑस्ट्रिया हे दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८६६ सालीं, एकमेकांवर शस्त्र धरून उभे राहिले. तरीही संघ टिकला, आणि १८६८ सालीं त्याची पुढील परिषद ऑस्ट्रियाच्या राजधानींत, व्हिएन्ना येथें, भरली. राज्यें लढूं शकतात. पण लढाई संपल्यावर त्यांस पुन्हां तार करावीच लागते. ही गरज हेंच त्या कराराचें खरें बळ होय.

आपल्या देशाचा या संघाशीं संबंध फार जुना आहे. हिंदुस्थानचें नांव सभासदांत १८६९ पासून आहे, आणि गंमत अशी कीं, ज्या ब्रिटनच्या ताब्यांत तेव्हां हिंदुस्थान होता तें ब्रिटन स्वतः १८७१ सालीं आंत आलें. कारण ब्रिटनमधील तारा १८७० पर्यंत खाजगी कंपन्यांच्या हातीं होत्या आणि संघ सरकारांचा होता. हिंदुस्थानांतील तारखातें मात्र आरंभापासून सरकारी होतें. शिवाय हिंदुस्थानास या कराराची गरज फार होती. १८६५ सालीं इराणच्या आखातांतून समुद्रतार जाऊन ती तुर्की मुलुखांतील जमिनीवरील तारांस जोडली गेली, आणि हिंदुस्थानची तार प्रथमच युरोपास पोंचूं लागली. पण वाटेंतील कारकुनांच्या हातून शब्दांची मोडतोड होई, व उशीरही फार लागे. १८७० सालीं मुंबईहून एडन व सुएझमार्गे थेट समुद्रतार झाली, तेव्हां ही अडचण पुष्कळ कमी झाली. मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. १८६९ च्या त्या खुर्चीवर हिंदुस्थानचें सरकार बसलें होतें; हिंदी लोक बसले नव्हते. हा भेद पुढें आमच्या विवेचनांत पुन्हां येणार आहे.

समुद्रावरील मौन

तारेचा प्रश्न सुटला तोंच बिनतारी संदेशाचा प्रश्न उभा राहिला. मार्कोनीची कंपनी जहाजांस आपलीं यंत्रें भाड्यानें देई व तीं चालविणारे कारकूनही आपलेच ठेवी. दुसऱ्या कंपनीचें यंत्र असलेल्या जहाजाशीं, संकटाचा प्रसंग वगळतां, बोलूं नये असा त्या कंपनीचा दंडक होता. १९०२ सालीं जर्मन बादशहाचे बंधु प्रिन्स हेन्री 'डॉइशलंड' या आगबोटीनें अमेरिकेहून परत जात असतां त्यांनीं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांस आभाराचा संदेश पाठविण्याचा प्रयत्न केला. आगबोटीवरील यंत्र जर्मन बनावटीचें होतें. म्हणून किनाऱ्यावरील मार्कोनीच्या ठाण्यानें तो घेतला नाहीं. आकाशांतील लहरींस कोणतीच अडचण नव्हती. अडचण होती ती माणसांच्या मनांत.

या प्रसंगानंतर जर्मनीनें पुढाकार घेतला. १९०३ सालीं बर्लिन येथें प्राथमिक सभा झाली, आणि १९०६ सालीं तेथेंच भरलेल्या परिषदेनें पहिला आंतरराष्ट्रीय बिनतारी करार केला. यंत्र कोणाच्याही बनावटीचें असो, किनाऱ्यावरील ठाण्यानें व जहाजानें परस्परांचा संदेश घेतलाच पाहिजे, असें त्यांत ठरलें. संकटांतील जहाजाची हांक सर्वांच्या आधीं ऐकावी, असेंही ठरलें. ती हांक म्हणजे तीन बिंदु, तीन रेषा, तीन बिंदु; हिलाच आपण एसओएस म्हणतों. हीं कोणत्याही वाक्याचीं आद्याक्षरें नव्हेत. ती खूण ऐकतांच ओळखूं येते व दुसऱ्या कशाशीं तिचा घोटाळा होत नाहीं, म्हणून ती निवडली गेली. हा करार १ जुलै १९०८ पासून अमलांत आला.

आतां हा नियम किती पुरा होता व किती अपुरा, याची परीक्षा १९१२ सालीं झाली. १४ एप्रिलच्या रात्रीं ११ वाजून ४० मिनिटांनीं 'टायटॅनिक' आगबोट हिमनगावर आदळली. तिच्यावरून संकटाच्या हांका जाऊं लागल्या; जुनी सीक्यूडी ही हांक गेली व नवी एसओएसही गेली. त्या वेळीं 'कॅलिफोर्नियन' नांवाचें जहाज तेथून फार दूर नव्हतें. त्यावर बिनतारी यंत्र होतें, आणि तें चालविणारा कारकूनही होता. पण तो एकटाच होता. दिवसभराचें काम संपवून तो आघाताच्या थोड्याच वेळापूर्वीं यंत्र बंद करून झोंपीं गेला होता. 'कार्पेथिया' हें जहाज सुमारें ५८ मैलांवर होतें. त्यावरील कारकूनही झोंपण्याच्या तयारींत होता, पण योगायोगानें त्याच्या कानांवर अजून यंत्र होतें. त्यानें हांक ऐकली, आणि त्या जहाजानें येऊन सुमारें सातशें माणसें वांचविलीं. दीड हजारांहून अधिक माणसें समुद्रांत गेलीं.

येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबून विचार करावा. हांक कोणती द्यावी हें १९०६ सालीं ठरलें होतें. ती ऐकण्यासाठीं कोणी जागें असावें, हें ठरलें नव्हतें. बोलण्याचा नियम झाला होता, ऐकण्याचा राहिला होता. त्याच वर्षीं जून व जुलै महिन्यांत लंडन येथें बिनतारी परिषद भरली आणि नियम अधिक कडक झाले. १९१४ च्या जानेवारींत समुद्रावरील सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला व मोठ्या जहाजांवर अखंड पहारा ठेवण्याची अट त्यांत आली. मोर्सच्या हांकेचा हा पहारा पुढें शतकाच्या अखेरपर्यंत चालला. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहांच्या साह्यानें चालणारी नवी संकट-सूचना पद्धति सर्वत्र लागू झाली आणि मोर्सच्या पहाऱ्याची सक्ति संपली.

नियम कसा होतो

१९३२ सालीं माद्रिद येथें तारेचा करार व बिनतारीचा करार हे दोन्ही एकत्र केले गेले, आणि १९३४ पासून या संस्थेस आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ हें नांव मिळालें. १९४७ सालीं संयुक्त राष्ट्रांशीं तिचा संबंध जुळला व १९४८ सालीं तिचें कार्यालय बर्नहून जिनीव्हास गेलें. आज १९० हून अधिक राष्ट्रें तिचीं सभासद आहेत. शेंकडों कंपन्या व विद्यापीठेंही तिच्या कामांत भाग घेतात.

तिचें काम मुख्यतः दोन प्रकारचें आहे. आकाशांतील लहरींचे पट्टे कोणत्या कामास द्यावे, विमानांस कोणता, जहाजांस कोणता, ध्वनिक्षेपणास कोणता, उपग्रहांस कोणता, हें ठरविण्यासाठीं तीन-चार वर्षांनीं एक जागतिक परिषद भरते. तिचे नियम करारस्वरूपाचे असून सभासद राष्ट्रांवर बंधनकारक असतात. कारण लहरींस सीमा नसते, आणि एकानें गोंगाट केला तर शेजाऱ्याचें बोलणें बुडतें.

दुसरा प्रकार यंत्रांच्या परस्पर व्यवहाराच्या नियमांचा. त्यांस 'शिफारशी' म्हणतात, आणि त्या चार हजारांहून अधिक आहेत. शिफारस होण्याची रीत अशी : प्रथम एक प्रश्न लेखी मांडला जातो. तो त्या विषयाच्या अभ्यासमंडळाकडे जातो. कोणत्याही राष्ट्रानें किंवा सभासद कंपनीनें त्यावर आपलें लेखी म्हणणें पाठवावें. तीं सर्व पुढें ठेवून अभियंते चर्चा करितात, मसुदा करितात, तो फिरवितात, आक्षेप मागवितात आणि पुन्हां सुधारतात. मतें मोजून बहुमतानें रेटून नेण्याकडे कल नसतो. कोणाचा सबळ आक्षेप उरूं नये असा प्रयत्न असतो. असें करतां करतां कधीं महिने लागतात, कधीं वर्षें. शेवटीं जी शिफारस निघते ती पाळण्याची सक्ति नसते. तरीही ती बहुधा पाळली जाते. कारण न पाळणाराचें यंत्र जगांत एकटें पडतें.

हें सर्व काम एकच संस्था करिते असें मात्र नाहीं. मोबाईलच्या यंत्रणेचे तपशीलवार नियम १९९८ पासून युरोप, अमेरिका, जपान, चीन, कोरिया व भारत येथील मानक-संस्थांची एक संयुक्त मंडळी तयार करिते. यांत भारत मागाहून सामील झाला. इंटरनेटचे बहुतेक नियम १९८६ सालीं सुरू झालेल्या एका अभियंता-मंडळांत होतात. तेथें राष्ट्रांचे प्रतिनिधि नसतात. ज्याला समजतें त्यानें बोलावें अशी रीत आहे, आणि तेथील सर्व लेख कोणासही विनामूल्य वाचावयास मिळतात. आमच्या शाळेंतील ज्या मुलांस यंत्रगणकाची गोडी आहे त्यांनीं ते अवश्य चाळून पाहावे.

आंकड्यांतील इतिहास

या नियमांचें सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे परदेशीं दूरध्वनि करतांना आरंभीं दाबावयाचे आंकडे. १९६० नंतरच्या पांच वर्षांत संघाच्या तत्कालीन सल्लागार समितीनें पृथ्वीचे नऊ विभाग केले. १ हा आंकडा उत्तर अमेरिकेस, २ मुख्यतः आफ्रिकेस, ३ व ४ युरोपास, ५ मध्य व दक्षिण अमेरिकेस, ६ आग्नेय आशिया व पॅसिफिक बेटांस, ७ सोव्हिएत संघास, ८ पूर्व आशियास आणि ९ मुख्यतः पश्चिम व दक्षिण आशियास मिळाला. मोठ्या देशांस लहान आंकडा द्यावा व लहान देशांस मोठा, हें त्यांतील धोरण. कारण ज्या देशांत दूरध्वनि पुष्कळ, तेथें देशांतर्गत क्रमांकास अधिक जागा लागते. देशाच्या आंकड्यासह पूर्ण क्रमांक पंधरा आंकड्यांहून मोठा असूं नये, असें आज बंधन आहे. भारतास ९१ मिळाला. आरंभीं सांगितलेल्या मुलानें मस्कतासाठीं दाबला तो ओमानचा ९६८. तोही याच नवव्या विभागांतला.

हे आंकडे नुसते आंकडे नव्हेत. त्यांत अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. पाकिस्तानचा आंकडा ९२; पण १९७१ सालीं स्वतंत्र झालेल्या बांगलादेशाचा ८८०. पूर्व जर्मनीचा आंकडा ३७ होता. १९९० सालीं दोन्ही जर्मनी एक झाल्या, ३७ मोकळा झाला, आणि त्यापुढें एकेक आंकडा लावून लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया इत्यादि नव्यानें स्वतंत्र झालेल्या देशांस तो वांटून दिला गेला. युगोस्लाव्हियाचा ३८ तसाच फुटला. सर्बियास ३८१, क्रोएशियास ३८५, स्लोव्हेनियास ३८६. सोव्हिएत संघाचा ७ आजही रशिया व कझाकस्तान मिळून वापरतात. भूगोलाच्या पुस्तकांतील नकाशा बदलला कीं या यादींतही फरक होतो.

जेथें एकमत झालें नाहीं

सर्व प्रश्न असे सुरळीत सुटले असें आम्ही सांगितलें तर तें खरें होणार नाहीं. एक उदाहरण देतों. माणसाचा आवाज आंकड्यांत रूपांतरित करावयाचा झाल्यास दर सेकंदास त्याचें माप ८,००० वेळां घ्यावयाचें आणि प्रत्येक माप ८ द्विमान आंकड्यांनीं लिहावयाचें, असें ठरलें. म्हणजे सेकंदास ६४,००० आंकडे झाले. येथवर सर्वांचें जुळलें. पण हळू आवाजासाठीं बारीक पायऱ्या व मोठ्या आवाजासाठीं मोठ्या पायऱ्या ठेवाव्या लागतात, आणि त्या पायऱ्या नेमक्या कशा असाव्यात यावर मतभेद झाला. उत्तर अमेरिका व जपान यांनीं 'म्यू' नांवाची रीत आधींच चालविली होती. युरोपानें 'ए' नांवाची रीत काढली. कोणीही आपली रीत सोडीना. अखेर १९७२ सालच्या शिफारशींत दोन्ही रीती शेजारीं शेजारीं नोंदवाव्या लागल्या. भारतानें 'ए' रीत घेतली. मग मुंबईहून न्यूयॉर्कशीं बोलतांना मध्यें रूपांतर कोणीं करावयाचें? 'म्यू' रीत चालविणाऱ्या देशानें तें करावें, असा नियम झाला. स्ट्रासबुर्गचें तें टेबल पुन्हां मांडावें लागलें. फरक इतकाच कीं, त्याच्याशीं आतां कारकुनाऐवजीं यंत्र बसलें.

यावरून एक धडा मिळतो. एकदां यंत्रें बसविलीं, पैसा गुंतला, म्हणजे शहाणी माणसेंही मागें फिरण्यास तयार होत नाहींत. म्हणून एकमत करावयाचें तें आरंभीं. उशीर झाल्यावर केवळ तडजोड उरते.

खेड्याचा प्रश्न

आरंभीं केलेला नियम कोणाच्या गरजेचा असतो? जो सभेंत असतो त्याच्या. हें मोबाईलच्या पांचव्या पिढीच्या वेळीं स्पष्ट दिसून आलें. नवी पद्धति खेड्यांत चालेल कीं नाहीं हें तपासण्यासाठीं संघानें जी कसोटी योजिली, तींत दोन मनोऱ्यांमधील अंतर सुमारें पावणेदोन किलोमीटर धरलें होतें. श्रीमंत देशांत हें ठीक. पण आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या गांवीं एक मनोरा उभा राहतो आणि भोंवतालच्या वाड्यावस्त्यांनीं त्याच्यावरच निर्वाह करावयाचा असतो. भारतीय अभियंत्यांनीं हें म्हणणें लेखी मांडलें, गणितासह मांडलें आणि सभांतून लावून धरलें. अखेर २०१७ सालीं मनोऱ्यांमध्यें ६ किलोमीटर अंतर असलेल्या खेड्याची निराळी कसोटी संघाच्या नियमांत आली. ज्या शेतकऱ्याच्या वस्तीवर ही लहर पोंचेल, त्याला या सभेचें नांवही ठाऊक नसेल. पण तेथें त्याच्या वतीनें कोणी बोललें नसतें, तर त्याची वस्ती मोजमापांतच आली नसती.

या कामाच्या पुढील टप्प्यांत भारताची एक स्वतंत्र पद्धतिही संघानें मान्य केली. परंतु जगांत दोन पद्धति झाल्यास यंत्रें महाग होतील, ही भीति खरी होती. 'ए' व 'म्यू' यांची पुनरावृत्ति न होतां तिच्यांतील उपयुक्त भाग शेवटीं जगाच्या सामाईक पद्धतींत मिळविण्यांत आला. आपलें म्हणणें आग्रहानें मांडणें, आणि तें मान्य झाल्यावर निराळी चूल न मांडणें, या दोन्ही गोष्टी तेथें साधल्या. ऑक्टोबर २०२४ मध्यें संघाची जागतिक मानकीकरण परिषद नवी दिल्ली येथें भरली. १८६९ सालीं आपल्या नांवाची खुर्ची होती. पण तीवर बसून आपलें बोलण्यास मध्यें पुष्कळ काळ जावा लागला.

हें चित्र सर्वस्वी उजळ आहे असेंही नव्हे. ज्या कंपन्यांच्या हातीं पुष्कळ पेटंटें आहेत, त्यांचा आवाज या सभांतून मोठा असतो. गरीब देशांस तेथें अभियंते पाठविणें परवडत नाहीं, आणि ज्यांचें कोणी नसतें त्यांची सोय शेवटीं पाहिली जाते. म्हणून हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा नाहीं, न्यायाचाही आहे.

विद्यार्थ्यांस दोन शब्द

पालकांस आठवत असेल कीं, आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. तारेबरोबर मोर्सची लिपि गेली, फ्रँकचा हिशेब गेला, तारघरांतील कट्टकट्ट गेली. पण १८६५ सालीं जी रीत पडली ती गेली नाहीं. परस्परांचे संदेश घ्यावे, त्यांची गुप्तता राखावी, संकटांतील हांक सर्वांच्या आधीं ऐकावी, आणि नवें यंत्र करण्यापूर्वीं शेजाऱ्यास विचारावें, या गोष्टींवरच आजचें जग चालतें. त्या पाळण्यास कोणी शिपाई उभा नाहीं. त्या पाळल्या जातात त्या एकमेकांच्या गरजेमुळें, आणि कांहीं अंशीं दिलेल्या शब्दामुळें.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं नवीं यंत्रें शोधावीं, ही आमची इच्छा आहेच. पण त्यांच्यांतील कांहींनीं या सभांच्या कामाकडेही वळावें. त्या कामास गणित लागतें, परभाषा लागते, सुबोध लेखन लागतें. आणि या सर्वांहून अधिक, दुसऱ्याचें शेवटपर्यंत ऐकून घेण्याची संवय लागते. ती संवय वर्गांत बसूनच लावून घ्यावयाची असते. येत्या सुटींत प्रत्येकानें घरांतील वडील माणसांकडून आपल्या ज्या नातलगांचे व ओळखीच्या मंडळींचे परदेशांतील क्रमांक असतील, त्यांचे आरंभींचे आंकडे उतरून घ्यावे, नकाशा पुढें ठेवून त्यांचे विभाग ओळखावे, आणि कोणता आंकडा कोणत्या वर्षीं व कां बदलला, हें शोधून काढावें. एवढ्या अभ्यासानेंही जगाच्या पुष्कळ इतिहासाचा परिचय होईल.